हर्ब्जचं किट: बेसिल लांबच लांब होऊन आडवं पडतंय, रोझमेरीचा पत्ताच नाही

खिडकीपाशी

नमस्कार मंडळी, घरात हर्ब्ज लावायचं एक छोटं स्टार्टर किट भेट मिळालंय. सहा इवल्याशा कुंड्या, एक ट्रे, वर पारदर्शक झाकण, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) चपट्या चकत्या आणि बियांची सहा पाकिटं: बेसिल, कोथिंबीर, पार्सली, थाइम, ओरेगॅनो, रोझमेरी. सोबत एक घडीचा कागद आहे आणि त्यावर सगळ्यांना मिळून चारपाच ओळी, चकत्या कोमट पाण्यात भिजवा, बी टाका, झाकण लावा, खिडकीत ठेवा, रोज पाणी द्या. झालं, संपलं. मी अगदी तसंच केलं.

पेरून आता तीनेक आठवडे होत आलेत. बेसिल पहिल्या आठवड्यातच धडाधड उगवलं, घरात सगळ्यांना बोलावून दाखवलं, पण आता देठ बारीक आणि लांबच लांब झालेत, वर दोनच पानं आणि सगळे काचेकडे माना वळवून बसलेत, त्यातली काही तर आडवीच झालीत. ओरेगॅनो म्हणजे कुंडीत हिरवा भुसा सांडल्यासारखं दिसतंय इतकं दाट. थाइमचे चार ठिपके. कोथिंबिरीची दोनच रोपं. पार्सली आणि रोझमेरी काहीच नाही, नावालाही नाही. वर एका चकतीवर पांढरी लव आलीये ती वेगळीच.

तर प्रश्न असे की आडव्या बेसिलचं काही होऊ शकतं का, का उपटून परत पेरू? जे उगवलं नाही त्याची अजून वाट बघायची का? ती पांढरी लव म्हणजे सगळं संपलं का? आणि मुळात या एवढ्याशा कुंड्यांत खरंच कधी खुडण्याएवढी पानं येतात का हो, खोक्यावरचा फोटो तर एकदम जंगल दाखवतोय.

---

शेवाळ

ताई, उपटू नका, थांबा. किटमधली रोपं बहुतेकांची पहिल्यांदा अशीच दिसतात आणि दोष बियांचा नसतो.

बेसिलच्या बीला उगवायला पाणी, ऊब आणि हवा मिळाली की पुरतं, उजेड जेमतेम असला तरी ते उगवतं. पण कोंब वर आला की हिशोबच बदलतो. बीमधली शिदोरी संपत येते आणि पुढचं सगळं उजेडावर चालतं. उजेड कमी पडला की रोप देठ जाड करायच्या भानगडीत पडत नाही, आधी उंची गाठून उजेड कुठे आहे ते शोधायला निघतं, म्हणून ते लांब, फिकट आणि लुळं होतं. खिडकीत आपल्याला लख्ख वाटतं कारण आपले डोळे कमी उजेडाला पटकन सरावतात, झाडाला तशी सोय नाही. खिडकीपासून हातभर आत सरकलं तरी उजेड बराच घटतो. बेसिलला दिवसाला निदान ६ तास थेट ऊन पाहिजे, नुसता उजेड नाही, ऊन.

आता आडव्या पडलेल्यांचं. आधी खाली वाकून देठ मातीला जिथे टेकतो तिथे नीट बघा. देठ शेवटपर्यंत हिरवा आणि टणक असेल तर रोप फक्त लांबुडकं झालंय, ते वाचतं. पण मातीलगत देठ चिमटा काढल्यासारखा बारीक, तपकिरी, पाणचट झाला असेल तर ते मर रोगाने गेलंय, त्यावर औषध नाही, ते काढून टाका आणि शेजारच्यांना लागण व्हायच्या आत पाणी आवरा.

जी हिरवी आहेत ती खोल लावायची. बेसिलच्या देठाला मातीत गाडलं की तिथूनच मुळं फुटतात, त्यामुळे पहिल्या दोन गोल पानांच्या जरा खालीपर्यंत देठ मातीत गेला तरी चालतो. रोप हलवताना देठाला धरायचं नाही, पानाला धरायचं. पान तुटलं तर दुसरं येतं, देठ चेपला तर रोप गेलं. आणि चकतीभोवती जी बारीक जाळी असते ना ती कापून काढा, काही जाळ्या मातीत लवकर कुजत नाहीत आणि मुळं आतच घोटाळत राहतात.

ओरेगॅनोची विरळणी करा. उपटून नाही, बारीक कात्रीने मातीलगत कापायचं, उपटलं की शेजाऱ्याची मुळंही सुटून येतात. जीवावर येतं माहितीये, पण न कापता सगळी ठेवली तर सगळीच खुरटतात. ओरेगॅनो आणि थाइमची चारपाच रोपं एकत्र पुंजक्यात ठेवली तरी चालतात, बेसिलची मात्र एका छोट्या कुंडीत दोनतीनच.

न उगवलेल्यांची वाट बघायची का, तर पार्सलीची हो, ती २ ते ४ आठवडे घेते, कधी त्याहून जास्त, आळशी बी आहे ते. पुढच्या वेळी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून मग पेरा. रोझमेरीबद्दल मी काही आश्वासन देत नाही, तिचं बी मुळातच कमी उगवतं आणि उगवलं तरी महिनाभर लावतं, ती या किटांमध्ये का घालतात हे मला आजवर कळलेलं नाही. थाइमचं बी मातीखाली गेलं असेल तर विसरा. थाइम, ओरेगॅनो ही धुळीएवढी बारीक बी, ती मातीवर नुसती टेकवायची, वरून झाकायची नाहीत, त्यांना उगवायलाच उजेड लागतो. कागदावर "बी टाका" एवढंच लिहिलंय म्हणालात, किती खोल ते नाही, मग सहा प्रकारच्या बियांना एकच खोली मिळते आणि निम्म्यांचं वाटोळं होतं.

आणि तुमच्या ट्रेची खरी गोची सांगू का, झाकण. बेसिल ५ ते १० दिवसांत वर येतं आणि आलं की त्याला झाकण नको असतं, हवा पाहिजे असते. पार्सलीला त्याच झाकणाखालची ओल अजून दोन आठवडे पाहिजे असते. एक झाकण, सहा कुंड्या. त्यामुळे जे उगवलं ते ट्रेबाहेर काढा आणि राहिलेल्यांवर झाकण ठेवा, एवढं केलं तरी तुमचे अर्धे प्रश्न मिटतील.

---

थेट_बोलतो

माझं मत जरा वेगळंय. ही किटं भेट द्यायला छान, पानं खायला नाहीत. रोझमेरी, थाइम, ओरेगॅनो, पुदिना ही बियांपासून करायची झाडंच नव्हेत, निदान घरात तरी नाही. यांची वर्षानुवर्षं जगणारी झाडं असतात, कुणाकडून तरी कोवळी फांदी आणायची, खालची पानं काढायची, ओल्या कोकोपीटमध्ये खोचायची. पुदिना तर नुसत्या पाण्याच्या ग्लासात आठदहा दिवसांत मुळं सोडतो. आणि पुदिन्याचं बी पेरलं तर आईसारखाच वास येईल याची खात्री नसते, त्यांच्यात संकर फार होतो.

बी पेरायचं ते बेसिल, कोथिंबीर, शेपू, पार्सली यांचं. बाकी पाकिटं कपाटात ठेवा.

---

खिडकीपाशी

शेवाळ, खूप धन्यवाद, आत्ताच वाकून बघितलं. दोन बेसिल खाली तपकिरी आहेत, ती काढली, बाकी सगळी हिरवी आहेत. झाकण आजच काढते. थेट_बोलतो, मुद्दा पटतोय पण ज्याने भेट दिली तो दर फोनला रोझमेरी कशी आहे विचारतो, काय सांगू!

आता अडचण अशी की माझ्या खिडकीत ऊन सकाळी थोडा वेळ येतं आणि मग जातं, ६ तास कुठून आणू. ग्रो लाइट म्हणून बरंच काही मिळतं, जांभळे दिवे, क्लिपवाले दिवे, कुणी म्हणतं साधा ट्यूब पुरतो. नक्की काय घ्यायचं? आणि किटच्या कुंड्यांना खाली भोकंच नाहीत हे आत्ता लक्षात आलं.

---

रात्रपाळी

दिव्यांवर मी बोलतो, हा माझा आवडीचा विषय, लांबेल, चहा घेऊन बसा.

जांभळा नको. जांभळ्याने झाड वाढतं, त्यात खोटं काही नाही, पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय का, बुरशी आलीये का, कीड आहे का, काही म्हणता काही दिसत नाही आणि घरात विचित्र वाटतं ते वेगळं. साधा पांढरा एलईडी घ्या, ४००० ते ६५०० केल्विनमधला (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, खोक्यावर असतो) कुठलाही चालतो. पांढऱ्या एलईडीत निळा आणि लाल दोन्ही असतात, झाडाचं भागतं.

खोक्यावर "१००० वॅट समतुल्य" असलं काही लिहिलेलं असतं तिकडे बघायचंच नाही. दिवा खरोखर किती वॅट खेचतो ते बघा. ल्युमेनही फसवं आहे कारण ते माणसाच्या डोळ्याला किती उजळ वाटतं त्याचं माप आहे, झाडाला किती मिळतं त्याचं नाही. झाडाचं माप वेगळं असतं, पीपीएफडी म्हणतात, दर सेकंदाला एक चौरस मीटरवर झाडाच्या कामाचे किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात ते. पानांच्या उंचीवर साधारण २०० मिळत असतील आणि दिवा १४ तास चालू असेल तर दिवसाची बेरीज १० मोल होते (२०० गुणिले १४ तासांचे सेकंद, भागिले दहा लाख), आणि एवढ्यात बेसिल ठीकठाक वाढतं, जास्त दिलंत तर आणखी भरदार होतं. हे आकडे नको असतील तर सोडून द्या, पण एक लक्षात ठेवा की उजेड कमी असेल तर तास वाढवून थोडी भरपाई होते. मात्र २४ तास चालू ठेवायचा नाही, १४ ते १६ तास पुष्कळ झाले, बाकी अंधार द्या. टायमर लावा, स्वतः बंद-चालू करायचं ठरवलं तर चौथ्या दिवशी विसरायला होतं.

आता अंतर. इथे सगळे गडबडतात. दिवा छतावर आणि कुंडी टेबलावर, आणि मग म्हणतात ग्रो लाइटचा उपयोग नाही. छोट्या बल्बचं अंतर दुप्पट केलं की उजेड जवळजवळ चौथाईवर येतो. कमी ताकदीचे पट्टीवाले दिवे रोपांच्या शेंड्यापासून १० ते १५ सेंटीमीटरवर पाहिजेत, जोरदार पॅनेल असेल तर ३० सेंटीमीटर किंवा जास्त. रोपं वाढतील तसा दिवा वर न्यायचा. रोपं अजूनही लांबतायत तर दिवा खाली आणा, वरची पानं पांढरट पडायला लागली किंवा कडा वळायला लागल्या तर वर घ्या. झाडच सांगतं, मीटर घ्यायची गरज नाही.

साधा ट्यूब पुरतो का, तर जवळ ठेवला तर बऱ्यापैकी पुरतो. पानांचीच झाडं आहेत ही, फळं नाही धरायचीयेत.

आणखी एक, घरातला पंखा अगदी हळू रोपांवरून जाऊ द्या, किंवा येताजाता रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवा. हलतं रोप देठ जाड करतं, आखूड राहतं. बाहेर वारा हे काम करतो, घरात आपल्याला करावं लागतं.

---

शेवाळ

भोकं नाहीत म्हणालात ते सोडू नका, ते उजेडाखालोखाल महत्त्वाचं आहे. "रोज पाणी द्या" आणि भोक नसलेली कुंडी म्हणजे मुळं कुजवायची हमी. मुळांनाही हवा लागते, माती पाण्याने गच्च भरली की हवेला जागाच राहत नाही. प्लास्टिकच्या असतील तर तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडा (खिळा पकडीने धरा आणि खिडकी उघडी ठेवा, प्लास्टिकच्या धुराला घाण वास येतो), सिरॅमिकच्या असतील तर त्या बाहेरून शोभेला ठेवा आणि आत भोकं असलेली कुंडी बसवा.

पाणी रोज नाही, कुंडी उचलून बघायची. पाणी घातल्यावर किती जड लागते ते एकदा हाताला कळलं की पुढे कधीच चुकत नाही. हलकी लागली की ताटलीत पाणी ओतून त्यात कुंडी पंधरावीस मिनिटं ठेवा, खालून ओढून घेते, उरलेलं पाणी ओतून टाका. वरून पाणी घातलं की कोवळी रोपं लोळतात आणि मातीचा वरचा थर कायम ओला राहतो, बुरशीला तेच पाहिजे असतं.

आणि इथेच तुमच्या सहा जणांचे दोन गट पडतात. बेसिल, कोथिंबीर, पार्सली यांना माती जरा ओलसर आवडते. थाइम, ओरेगॅनो, रोझमेरी हे कोरड्या, दगडाळ जमिनीतले, त्यांना मधे मधे वाळू द्यायचं, नुसतं कोकोपीट तर त्यांना अजिबात मानवत नाही कारण ते पाणी धरून बसतं. पुढच्या कुंडीत त्यांच्यासाठी एक तृतीयांश परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे दाणे) किंवा जाडी वाळू मिसळा. सहाही जणांना एकाच ट्रेमध्ये एकाच वेळी पाणी घातलं की तीन खूश आणि तीन आजारी, कागदावर पाच ओळींत हे बसत नाही म्हणून ते लिहीत नाहीत.

---

चिकटकार्ड

त्या पांढऱ्या लवेबद्दल कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते. मातीच्या वर कापसासारखी पांढरी बुरशी असेल तर ती बहुतेक वेळा कुजणाऱ्या गोष्टींवर जगणारी असते, रोपाला खात नाही. चमच्याने वरचा थर खरवडून टाका, झाकण काढा, हवा खेळू द्या, जाते. पण ती आली म्हणजे ओल जास्त झालीये एवढं समजायचं. आणि हो, बेसिलचं बी ओलं झालं की त्याभोवती चिकट पांढुरका थर येतो, तो बुरशी नाही, बीचा स्वभावच तो आहे. पुष्कळजण घाबरून पुसून काढतात.

आता पुढचं संकट आधीच सांगून ठेवते, चिलटं. ओल्या कोकोपीटवर बारीक काळी चिलटं यायला लागली की समजा माती सतत ओली आहे. उडणारी नुसती त्रास देतात, खरं नुकसान मातीतल्या त्यांच्या अळ्या करतात, बुरशी खातात आणि कोवळी मुळंही कुरतडतात. अंडी मातीच्या वरच्या दोनतीन सेंटीमीटरमध्ये असतात म्हणून तेवढा थर वाळू द्यायचा. पिवळी चिकट कार्डं लावा, पण ती फक्त उडणारी पकडतात हे लक्षात ठेवा. फारच झाली तर बीटीआय नावाचे जिवाणू असलेली पावडर किंवा दाणे मिळतात, ते पाण्यात भिजवून ते पाणी घालायचं, अळ्या मरतात, माणसाला काही होत नाही. अंड्यापासून उडेपर्यंत त्यांना तीनचार आठवडे लागतात, त्यामुळे एकदा केलं आणि सोडून दिलं तर परत येतात.

---

दालचिनी_फॅन

बुरशीवर दालचिनीची पूड भुरभुरवा, मी दर वेळी तेच करतो, आणि कॅमोमाइलचं पाणी पण. रसायनं कशाला.

---

चिकटकार्ड

दालचिनीने वरच्या लवेला थोडा आळा बसेल, मला मान्य आहे, पण मर रोग मातीच्या आत आणि देठात असतो, त्याच्यावर वरून पूड टाकून काय होणार. शिवाय मर रोग आणणारे सगळे एका जातीचे नाहीत, रायझोक्टोनिया ही बुरशी आहे पण पिथियम तर खरी बुरशीसुद्धा नाही, पाण्यात पोहणारे बीजाणू सोडणारा वेगळाच प्रकार आहे तो, म्हणून तर जास्त पाणी झालं की तो पसरतो. पूड टाकून निर्धास्त होण्यापेक्षा पाणी कमी करणं हा उपाय आहे. धुतलेल्या कुंड्या, नवीन कोकोपीट, दाट पेरणी नको, झाकण वेळेवर काढायचं. यातलं काहीच खर्चिक नाही आणि रसायनही नाही, त्यामुळे भांडणाचं कारण नाही 🙂

---

दालचिनी_फॅन

बरं बाई. वास तरी छान येतो की नाही.

---

तुरा

मी फक्त कोथिंबिरीसाठी आलोय कारण तिच्यावर सगळीकडे अन्याय होतो.

एक, जो धना आपण बी म्हणतो तो खरं तर फळ आहे आणि त्यात दोन बिया असतात. हलक्या हाताने रगडून दोन फाका करा, पण चुरा होऊ देऊ नका. भाजलेला धना पेरून काही येत नाही. रात्रभर भिजवा, अर्धा ते एक सेंटीमीटर खोल पेरा, नीट अंधार मिळू द्या, ७ ते १४ दिवसांत येते, थंडी असेल तर आणखी वेळ. दोनच आली म्हणालात त्याचं कारण बहुधा बी अख्खं आणि वरवर पडलं असणार.

दोन, तिला सोटमूळ असतं, ती हलवलेली आवडत नाही. शेपू आणि पार्सलीचंही तेच. म्हणून या तिघांना किटच्या चकतीत पेरायचंच नाही, जिथे वाढणार त्या कुंडीतच पेरायचं. कुंडी खोल घ्या, २० सेंटीमीटर तरी. चकतीतून हलवायचंच असेल तर रोप लहान असतानाच, चकतीसकट, मुळांना हात न लावता.

तीन, आणि हे रात्रपाळी सांगायला विसरले, कोथिंबिरीला १६ तास उजेड दिलात तर ती पानं करायची सोडून फुलोऱ्यावर जाईल. दिवस मोठा आणि हवा गरम झाली की तिला वाटतं आपलं आयुष्य संपत आलं, मग ती उंच दांडा काढते, पानं बारीक कातरलेली होतात आणि चव जाते. तिला १० ते १२ तास उजेड, आणि जमलं तर घरातली थंड जागा, २० अंशांच्या आसपास. बेसिलला उलट २० ते २५ अंश ऊब पाहिजे आणि १० अंशांखाली ते काळं पडतं, म्हणून गारठ्यात त्याची पानं काचेला टेकू देऊ नका. म्हणजे बेसिल दिव्याच्या मधोमध, कोथिंबीर कडेला किंवा दिव्याबाहेर खिडकीत.

आणि कोथिंबीर एकदा पेरून वर्षभर खुडायची वस्तू नाहीच, दर दोनतीन आठवड्यांनी थोडी थोडी पेरत राहायची.

---

रात्रपाळी

विसरलो नव्हतो, पण हो, बरोबर आहे. दोन टायमर लावा नाहीतर कोथिंबिरीला संध्याकाळी दिव्याखालून उचला.

---

खिडकीपाशी

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, वाचून वाचून वहीत उतरवलं. आत्तापर्यंत केलेलं सांगते. बेसिलची जाळी कापून भोकं असलेल्या मोठ्या कुंडीत खोल लावली, पहिल्या दिवशी सगळी माना टाकून होती, आता ताठ आहेत. पट्टीवाला पांढरा एलईडी घेतला, शेल्फच्या खालच्या बाजूला चिकटवला, कुंड्या पुस्तकांवर ठेवून उंची जुळवली कारण दिवा हलत नाही. ओरेगॅनो कापताना हात थरथरत होता. पार्सलीचा एक वाकडा कोंब वर आलाय!! रोझमेरी अजून शून्य.

पुढचे दोन प्रश्न, खत कधी? आणि बेसिल खुडायचं कधी आणि कसं, पानं एकेक काढू का?

---

शेवाळ

पार्सलीचं अभिनंदन, म्हटलं होतं ना आळशी आहे.

खत: कोकोपीटमध्ये झाडाला खायला जवळपास काही नसतं, म्हणून गोल बीपानांनंतर खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की द्यायला लागायचं. पाण्यात विरघळणारं कुठलंही संतुलित खत, पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्धं किंवा पाव, पंधरा दिवसांतून एकदा, आणि आधी माती ओली करून मग. नवीन कुंडीत कंपोस्ट किंवा गांडूळखत मिसळलं असेल तर दीडेक महिना काहीच नको. थाइम, ओरेगॅनो, रोझमेरीला तर अगदीच कमी, जास्त खत दिलं की भसाभसा वाढतात आणि वास फिका पडतो. भरपूर पाणी आणि भरपूर खत म्हणजे प्रेम नव्हे, या तिघांच्या बाबतीत तरी नाही.

बेसिल: खालची मोठी पानं एकेक तोडत बसलात तर वर एक लांब दांडा आणि टोकाला झुबका एवढंच राहतं. मोठी पानंच अन्न बनवतात, ती ठेवायची. पानांच्या तीनचार जोड्या झाल्या की शेंडा खुडा, एका जोडीच्या अगदी वर कापा. त्या जोडीच्या बेचक्यातून दोन फांद्या फुटतात, त्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे, दोनाच्या चार होतात. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त काढायचं नाही. फुलाचा तुरा दिसला की लगेच काढा. खुडलेला शेंडा थोडा लांब असेल तर खालची पानं काढून पाण्यात ठेवा, आठवड्याभरात मुळं येतात, झालं नवीन रोप. खुडलेली पानं फ्रिजमध्ये नका ठेवू, काळी पडतात, ग्लासात पाणी घालून बाहेर ठेवा.

पार्सली आणि कोथिंबीर मात्र उलट, त्यांच्या बाहेरच्या काड्या तळापासून कापायच्या, मधला कोवळा कोंब ठेवायचा.

---

थेट_बोलतो

रोझमेरीचं अजून काही नसेल तर उरलेली बी ओल्या टिश्यूत गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवा आणि उबदार जागी ठेवून महिनाभर अधूनमधून उघडून बघा. दहा टाकली आणि एकही फुटलं नाही तर बी मेलेलं आहे, कुंडी अडवून ठेवायची गरज नाही. दोनतीन फुटली तर तुमचं नशीब, चिमट्याने उचलून लावा.

आणि भेट देणाऱ्याला सांगा की रोझमेरी पाहिजे असेल तर तूच एक फांदी आणून दे.

---

खिडकीपाशी

हाहा, सांगितलं, तो म्हणतो फांदी कुठून कापायची ते विचार. कोवळी हिरवी का जाड तपकिरी?

---

थेट_बोलतो

मधली. या वर्षीची वाढ, वाकवली तर लवचीक पण अगदी लिबलिबीत नाही, ८-१० सेंटीमीटर, फुलं नसलेली. खालच्या निम्म्या भागातली पानं ओरबाडून काढा, अर्धं परलाइट अर्धं कोकोपीट, वर पिशवीचं सैल झाकण, उजेडात पण उन्हात नाही. मुळं यायला एक-दोन महिने जातात, मधे उपटून बघू नका, सगळे बघतात.